सह्याद्रीचे सडे

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा किंवा कोकणातील टेकडीवरचा जांभ्या खडकाचा सपाट माळ. कोकणात त्याला कातळ असेही म्हणतात, घाटावर पठार. मे महिन्यात काळाकुट्ट, तापलेला दिसणारा हा खडक पावसाच्या चार महिन्यांत गवतांनी आणि बोटाएवढ्या फुलझाडांनी भरून जातो. साताऱ्याच्या पश्चिमेचे कास पठार (सुमारे १,२०० मीटर उंच) हा सर्वांत परिचित सडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या यादीत महाराष्ट्रातील चार ठिकाणे आहेत आणि कास त्यांपैकी एक.

सड्याची सगळी कथा जांभ्यात आहे. दख्खनच्या बेसाल्टवर लक्षावधी वर्षे पाऊस पडून सिलिका, चुना, पोटॅश धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे राहिली. अशा खडकावर जी थोडी माती साठते ती आम्लधर्मी असते, तिच्यात नत्र आणि स्फुरद फारच कमी. मोठ्या झाडाला इथे थारा नाही, जोमदार गवतालाही नाही. म्हणूनच एरवी दाट गवताखाली गुदमरून गेल्या असत्या अशा इवल्या वनस्पतींना इथे मोकळे ऊन मिळते.

कास पाहून आलेली माणसे फुलांच्या गालिच्याबद्दल बोलतात. पण सडा पाहावा तो गुडघे टेकून. पाणी साचलेल्या एखाद्या खळग्यापासून सुरुवात करावी. उघड्या खडकावर शेवाळ आणि दगडफूल. त्याच्या कडेला, जिथे चिखलाचा जेमतेम थर आहे, तिथे सीतेची आसवे: निळी-जांभळी नाजूक फुले वर, आणि चिखलात बारीक पिशव्या, ज्या पाण्यातले सूक्ष्म जीव पापणी लवायच्या आत आत ओढतात. जवळच दवबिंदू, चिकट थेंबांनी किडे धरणारा. जमिनीत नत्र नाही, म्हणून ते शिकारीतून मिळवायचे. माती बोटभर झाली की पांढऱ्या गुंडीसारखी फुले घेऊन गेंद उभा राहतो, मग गुलाबी तेरडा. वीतभर मातीत सोनकी, चवर आणि उंच गवते येतात. कडेच्या खोल मातीत साधारण सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. हे सारे काही पावलांच्या अंतरात घडते. खडकाच्या भेगांत मात्र कंदवाल्यांचे राज्य: वर्षाचे आठ महिने जमिनीखाली काढायचे आणि पाऊस पडला की डोके वर काढायचे.

उंचीचा परिणाम याहून विस्तृत पट्ट्यावर दिसतो. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. घाटमाथ्यावर धुके दिवसदिवस रेंगाळते, त्यामुळे पाऊस ओसरला तरी पातळ माती ओली राहते आणि बहर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडे समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आतबाहेर. तिथे पाऊस थांबताच ऊन खडक तापवते. म्हणून तिथल्या वनस्पती घाईच्या असतात. रत्नागिरीच्या कातळावरची पांढरी दीपकाडी जूनच्या पहिल्या सरींनंतर लगेच फुलते.

उंचीमुळे एकाच कुळातल्या भावंडांची वाटणीही झालेली दिसते. पाणथळीतला वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) घाटमाथ्यावरच्या सड्यांचा रहिवासी, तर त्याचा नातलग ॲपोनोजेटॉन ब्रुगेनी कोकणातील सखल भागातला. खडक तोच, पाऊस दोन्हीकडे भरपूर, तरी जाती वेगळ्या. सड्यांच्या वनस्पतींत प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्या भागाबाहेर कुठेच न आढळणाऱ्या, जाती इतक्या का, याचे उत्तर बरेचसे इथे आहे: प्रत्येक सडा भोवतालच्या जंगल-दऱ्यांनी वेढलेले बेट असतो आणि बी सहजी पलीकडे जात नाही.

सरकारी दप्तरात हे माळ बहुधा पडीक म्हणून नोंदले जातात, आणि इथूनच त्यांचा नाश सुरू होतो. चिऱ्याच्या खाणी, बॉक्साइटचे उत्खनन, रस्ते, इमारती ही कारणे उघड आहेत. चराईचा प्रश्न इतका सरळ नाही. गुरे अजिबात बंद केली तर उंच गवत माजून लहान फुलझाडे झाकली जातात, असा पठारालगतच्या गावकऱ्यांचा अनुभव आहे, आणि तो मनावर घ्यायला हवा. कोकणात कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून आंब्याची कलमे लावतात. कलमे जगतात, पण बोटभर मातीवर जगणारे गेंद आणि सीतेची आसवे त्या जागी पुन्हा उगवत नाहीत.