क्रुसावरचे साल

वांद्र्याच्या जुन्या गावठाणात गल्लीच्या वळणावर अचानक दगडी क्रूस भेटतो. चुन्याचे थर बसून अक्षरे बुजलेली असली, तरी बोट फिरवले की साल हाताला लागते. बरेचसे क्रूस प्लेगच्या वर्षांतले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्त्यांनी दारापुढे क्रूस उभारले. साथ हटावी म्हणून केलेले नवसच ते. पण त्यासाठी निवडलेली खूण पाहा: रोमन राजवटीत गुन्हेगाराला ज्यावर ठोकून मारत, तो खांब.

देव आणि यातना यांची अशी सांगड घालणे सुरुवातीपासूनच अवघड गेले. ग्रीक विचारात देव अविकारी, त्याला वेदना शिवायची कशी? ४५१ मध्ये खाल्केदोन इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचे ठरवले. म्हणजे त्याची भूक खरी, मित्र लाजरच्या थडग्यापाशी आलेले रडूही खरे. मार्कच्या शुभवर्तमानात तर क्रुसावरचा येशू बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत देवालाच विचारतो, तू मला का सोडलेस? वरून उत्तर येत नाही. मला हे शांतपणे वाचता येत नाही.

लोकांचे हाल पाहून येशूला काय वाटले, हे सांगणारे मूळ ग्रीक क्रियापद 'आतडी' या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. मराठी बायबलात तिथे 'कळवळा' आहे. ज्या भाषेत दुसऱ्यासाठी आतडे तुटते, तिला हा देव समजावून सांगायला फार कष्ट पडले नसावेत.

कोकणात ही कथा मराठी ओवीत आणली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. पुराण ऐकायची सवय असलेल्या श्रोत्यांना त्यांच्याच छंदात येशूचे दुःखभोग ऐकू आले. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, बसले होते, हेही इथेच सांगायला हवे. करुणेची ओवी आणि धर्मन्यायालयाची कोठडी एकाच राजवटीतली.

पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत येशू माउली होऊन येतो. दुःखाचा हिशेब मांडत बसत नाही, लेकराला जवळ घेतो.

गेल्या मे महिन्यात अशाच एका क्रुसापुढे प्रार्थनेला उभा होतो. झेंडूचे हार, वाऱ्याने आडव्या होणाऱ्या मेणबत्त्या. एका बाईने डायलिसिसवरच्या मुलाचे नाव हळूच सांगितले. ते पुढच्या ओळीत सगळ्यांच्या तोंडी आले. मग उकडलेल्या चण्यांचे द्रोण फिरले.