थव्यातले मासे आणि त्यांची भांडणं
(सांगली-मिरजेतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"सगळ्यातली एकेक जोडी द्या." आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे, आणि टँकमधल्या बहुतेक भांडणांचं मूळही हेच. दोन टायगर बार्ब, दोन विडो टेट्रा, दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि काच साफ करायला एक सकर. टँक भरलेला दिसतो, पण त्यातल्या एकालाही स्वतःचा गोतावळा नसतो.

टायगर बार्ब, टेट्रा, झेब्रा डॅनिओ, कोरीडोरस हे थव्याने राहणारे मासे. थव्यात कोण वरचढ हे रोज ठरतं: थोडा पाठलाग, पर ताणून उभं राहणं, रंग गडद करणं. दहा मासे असले की हा त्रास सगळ्यांत वाटला जातो. तीनच असले तर सगळा मार सर्वांत कमजोर माशाच्या वाट्याला येतो, आणि तो मेला की पुढच्याचा नंबर लागतो. टायगर बार्ब तर आपल्यातलं कोणी मिळालं नाही की शेजाऱ्याच्या अंगावर जातात, आणि एंजलचे लांब पर त्यांना आयतेच सापडतात.

म्हणून आम्ही टायगर बार्ब आठाच्या खाली देत नाही. जाती कमी घ्या, एका जातीचे मासे जास्त घ्या.

किती मासे, केवढा टँक

टँकची लांबी बघा, उंची नको. उंच टँक हॉलमध्ये शोभून दिसतो, पण पळणाऱ्या माशाला आडवी जागा लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरतं. त्यात आठ-दहा झेब्रा डॅनिओ किंवा दहा निऑन टेट्रा, बस. टायगर बार्बला तीन फूट लांबी हवी. तीन बाय एक बाय दीड फुटात साधारण १०५ लिटर पाणी राहतं, त्यात दहा-बारा बार्ब आणि तळाला हवं तर सहा कोरीडोरस. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश मागणारे बरेच येतात. श्रद्धेचा मान ठेवून सांगतो, नऊ गोल्डफिशना दोन फुटी टँक पुरत नाही. चार फुटीच हवा, आणि फिल्टर दमदार.

टायगर बार्ब आणि सर्पी टेट्रा यांच्याबरोबर एंजल, गप्पी, फायटर, गोरामी किंवा गोल्डफिश ठेवू नका. लांब परांचे, सावकाश पोहणारे मासे त्यांच्या तावडीत आले की पर शाबूत राहत नाहीत. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो, हेही लक्षात ठेवा. लहानपणी सोबत वाढले तरी फरक पडत नाही. फायटरचा नर, लाल शेपटीचा शार्क आणि फ्लॉवरहॉर्न यांच्या जातीचा दुसरा त्या टँकमध्ये नको, आणि फ्लॉवरहॉर्नला तर कुणाचीच सोबत नको. गप्पी, मॉली, प्लॅटी यांत एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवून मारतात.

आफ्रिकन सिक्लिडचा हिशोब उलटा आहे. मलावी तलावातले हे मासे प्रत्येकी आपली कपार राखतात. चार फुटी टँकमध्ये मुद्दाम थोडी गर्दी करून, एका नराला तीन-चार माद्या देऊन आणि दगडांच्या भरपूर कपारी करून त्यांना ठेवतात, म्हणजे कोणालाच पूर्ण इलाका मिळत नाही. त्या गर्दीला फिल्टरही दुप्पट लागतो. यूट्यूबवर तसा टँक बघून कोणी गर्दीचा हा नियम टेट्राला लावायला जातं. तिथे तो चालत नाही.

डेनिसन बार्ब, म्हणजे मिस केरळ, हा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या वाहत्या नद्यांमधला मासा. २०१३ मध्ये त्याच्या गटाला अभ्यासकांनी 'सह्याद्रिया' हे नाव दिलं. तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, म्हणून टँकमध्ये वाढवलेलाच मागा. पाच-सहा इंच होतो, सहाच्या थव्याला चार फुटी टँक लागतो, आणि वाहत्या पाण्याची सवय असल्याने सांगलीच्या उन्हाळ्यात पहिला तोच धापा टाकतो. नवख्याने घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

खेळ कोणता, मार कोणता

दोन टायगर बार्ब समोरासमोर येऊन गोल फिरतात, डोकं खाली घालतात, नाक लालभडक करतात, पट्टे अजून काळे होतात, आणि मग वेगळे होऊन चरायला लागतात. यात काळजीचं काही नाही. एकाचा रंग फिका पडलेला असेल, पर अंगाला चिकटलेले असतील, तो फिल्टरच्या मागे किंवा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात थिजून उभा असेल आणि खाणं टाकलं तरी बाहेर येत नसेल, तर त्याला मार बसतोय असं समजा.

फाटलेला पर जवळून बघा. चावून तोडलेल्या परात अर्धगोल खाच पडते आणि तिची कड स्वच्छ असते. परांची कड पांढुरकी, झिजलेली किंवा लालसर असेल तर ती फिन रॉट, म्हणजे सडण. बऱ्याचदा चावलेल्या जागेवरच नंतर सडण धरते, आणि घाण पाण्यात ती झपाट्याने पसरते.

दादा झालेला मासा

मार देणारा मासा ओळखायला टँकसमोर पंधरा मिनिटं शांत बसा. पाठलाग कुठून सुरू होतो आणि कोण पळतं हे कळतं. त्या माशाला जाळीच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये पाच ते सात दिवस वेगळा ठेवा. तेवढ्या वेळात बाकीच्यांचा क्रम नव्याने बसतो आणि परत सोडल्यावर तो नवखा ठरतो. सोडण्याआधी दगड, लाकूड, झाडं यांच्या जागा बदला. जुन्या जागा ओळखीच्या राहिल्या नाहीत की जुना इलाकाही राहत नाही. लाईट बंद करून सोडा.

एक दादा काढला की दुसरा दादा तयार, असं होत असेल तर तो त्या माशाचा स्वभाव नाही, संख्या कमी आहे किंवा जागा अपुरी आहे. आणखी चार मासे घाला किंवा टँक मोठा करा. तरीही ऐकत नसेल तर त्या माशाला आमच्याकडे आणून द्या, बदल्यात दुसरा घेऊन जा.

खाण्याच्या वेळी भांडण होत असेल तर खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाका. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो, माशाला काही होत नाही.

नवे मासे सोडताना

थवा एकदम सोडावा, हे खरं, पण नव्या टँकमध्ये दहा मासे एकदम सोडले की त्यांच्याच घाणीतून अमोनिया वाढतो आणि आठवड्याभरात मासे पडायला लागतात. म्हणून आधी टँक पिकवा, म्हणजे अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणू फिल्टरमध्ये तयार होऊ द्या. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाका. चार ते सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. चालू टँकमधला स्पंज फिल्टरमध्ये ठेवला तर हे लवकर होतं, तो आम्ही देतो. टेस्ट किटशिवाय हे कळत नाही, पाणी काचेसारखं दिसणं हा पुरावा नव्हे.

घरी जुने मासे असतील तर नवे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. मग ते पिशवीत घेऊन पिशवी टँकवर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, दर पाच मिनिटांनी अर्धा पेला टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि जाळीने मासेच सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. आधी जुन्यांना खायला घाला, मग लाईट बंद करून नवे सोडा. भांडखोर जात असेल तर ती सगळ्यात शेवटी टँकमध्ये जाईल असं नियोजन करा.

सांगलीचं पाणी

महापालिकेचं पाणी कृष्णेचं, त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनचा वासही जास्त येतो. बादलीत भरून, एअर स्टोन (पंपाला जोडलेला, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवा, किंवा बाटलीवर लिहिलेल्या मापाने अँटिक्लोरिन टाका. क्लोरीनमुळे कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतात. फिल्टरचा स्पंजही नळाखाली कधीच धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, पीएच साताच्या बराच वर. अमोनिया त्यात जास्त विषारी ठरतो. तेवढाच अमोनिया नळाच्या पाण्यात मासा सोसेल, बोअरच्या पाण्यात सोसणार नाही. गप्पी-मॉलीला जड पाणी मानवतं, निऑनला नाही. एकदा बोअर, एकदा नळ असं करू नका, त्या उलथापालथीने मासे बिथरतात आणि भांडणंही वाढतात.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. तीन फुटी टँकला म्हणजे दोन मोठ्या बादल्या. अमोनिया ०.५ पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) किंवा जास्त दिसला तर लगेच निम्मं पाणी बदला. पाणी काढण्याआधी हीटरचं बटण बंद करा. पाण्याबाहेर राहिलेला गरम हीटर थंड पाणी लागताच तडकतो.

ऊन, थंडी आणि लाईट जाणं

एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३२ अंशांवर जातं. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू विरघळू शकतो, ३२ला सव्वासातच. माशाची गरज मात्र उष्णतेने वाढते, आणि बार्ब चिडचिडे होतात. झाकण काढून वर जाळी टाका (मासे उड्या मारतात), टेबल फॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या; दोन-तीन अंश खाली येतं. बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली बाटली तरंगत ठेवली तरी अर्ध्या तासाने तापमान बघत चला. खाणं निम्मं करा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या गारठ्यात हीटर लावा, लिटरमागे एक वॅट, २५-२६ अंशांवर. रात्री गार, दुपारी गरम असं होत राहिलं की मासे अशक्त होतात आणि पांढरे ठिपके (परजीवीमुळे होणारा रोग) येण्याचा धोका वाढतो.

लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. बंद फिल्टर तीन-चार तासांहून जास्त राहिला असेल तर लाईट आल्यावर तसाच चालू करू नका. आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मग लावा, नाहीतर आतली सडकी घाण थेट टँकमध्ये येते.

जखमी मासा

दहा लिटरच्या बादलीत टँकचंच पाणी घ्या, एअर स्टोन लावा, १० ग्रॅम खडे मीठ वजन करून आधी तांब्यात विरघळवा आणि तासाभरात थोडं थोडं घाला. अंधारात ठेवा, रोज निम्मं पाणी बदला, आणि नव्या पाण्यापुरतंच, म्हणजे पाच लिटरला ५ ग्रॅम, मीठ घाला. खाच असलेला पर चार-पाच दिवसांत कडेने पारदर्शक होऊन भरायला लागतो. मीठ मुख्य टँकमध्ये टाकू नका: कोरीडोरसला ते सोसत नाही आणि झाडं जळतात. मासा बरा झाला तरी थव्याची संख्या वाढवल्याशिवाय परत सोडण्यात अर्थ नाही.

दुकानात विचारायला येताना टँकचं माप, माशांची यादी, शेवटचं पाणी कधी बदललं ते लिहून आणा. साबण न लावता धुतलेल्या बाटलीत पाव लिटर टँकचं पाणी आणा, टेस्ट समोरच करून देतो. आणि मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ, खाणं टाकतानाचा.