रंग वाळला, पण पक्का झाला का?

अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला रंग देऊन चार दिवस उलटले, तरी अंगठा दाबला की ठसा उमटतो आणि नख रुततं. अशा वेळी डब्याला शिव्या देऊन मोकळं होता येतं. पण बहुतेकदा डब्यात काही खोट नसते.

‘रंग वाळला’ हा शब्दप्रयोगच घोटाळ्याचा आहे. कपडे वाळतात तेव्हा पाणी उडून जातं आणि काम संपतं. दोन डब्यांतून येणाऱ्या इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रंगात थिनर उडून जाणं ही नुसती सुरुवात असते. त्यानंतर एका डब्यातल्या रेझिनच्या आणि दुसऱ्यातल्या हार्डनरच्या रेणूंनी एकमेकांना धरून जाळं विणायचं असतं. काँक्रीटही वाळून नव्हे, पाण्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं, तसंच हे. त्यामुळे हाताला कोरडा लागणारा रंग आतून कच्चा असू शकतो. एकाच डब्यात येणारा एनॅमल रंग हवेतल्या ऑक्सिजनवर पक्का होतो. तो जाड थापला तर वर साय धरते आणि खालचा थर ऑक्सिजनवाचून लिबलिबीत राहतो.

अभिक्रिया म्हटली की तापमान आलंच. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की वेग साधारण निम्मा होतो. नेहमीचं इपॉक्सी १० अंशांखाली रेंगाळतं आणि ५ अंशांच्या आसपास जवळजवळ थबकतं. मात्र हे तापमान हवेचं नव्हे, पत्र्याचं मोजायचं. अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतं. होडी पाण्यात ठेवूनच वरचा भाग रंगवला, तर पाण्याच्या रेषेपासून वीतभर उंचीपर्यंतचा पत्रा दुपारीसुद्धा पाण्यामुळे बराच गार राहू शकतो. वर रंग पक्का आणि खाली चिकट पट्टा, या कोड्याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

गार पत्र्यावर दवही लवकर धरतं. हवा २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे दव धरू लागतं ते तापमान, साधारण १६ अंशांवर असतो. पत्रा त्याहून किमान ३ अंश उबदार हवा, असा रंगकामातला नियम आहे. गंमत म्हणजे उघडं, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम रात्री आपली उष्णता फारशी उत्सर्जित करत नाही. रंगाचा थर मात्र ती सढळ हाताने आकाशाकडे सोडतो. म्हणजे ताजा रंगच पत्र्याला आणखी गार करतो आणि स्वतःवर दव ओढवून घेतो!

या ओलाव्याचे परिणाम रंगानुसार बदलतात. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन जोडीदार रेझिनला सोडून पाण्याशीच अभिक्रिया करतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, बारीक फुगे येतात, चकाकी जाते. इपॉक्सीत हार्डनरमधली अमाइन्स हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी जुळून पृष्ठभागावर मेणचट थर धरतात. हा थर पाण्यात विरघळतो. लोक मात्र तो थिनरने पुसायला जातात आणि नुसता पसरवून ठेवतात. कोमट पाण्याने धुतलं की भागतं.

आता सगळ्यात हट्टी गैरसमज. ‘लवकर पक्का व्हावा म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला.’ ही सवय फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनवरून आलेली असते. तिथे घालतात तो द्रव अभिक्रिया सुरू करून देतो, म्हणून मर्यादेत राहून तो कमीजास्त केला तर वेग बदलतो. इपॉक्सीचा हार्डनर मात्र जाळ्याचा अर्धा भागीदार असतो. तो जास्त झाला तर जोडीदार न मिळालेले रेणू तसेच उरतात. डब्याच्या कडेला आणि तळाला न ढवळलेलं रेझिन राहिलं, तरी रंगात जागोजागी चिकट डाग पडतात.

अ‍ॅल्युमिनियमची आणखी एक खोड आहे. घासल्याबरोबर त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. रंगाची पकड बसावी म्हणून काही जण आधी फॉस्फोरिक आम्ल असलेला एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याचा पृष्ठभाग किंचित खाणारा पहिला थर, लावतात. त्यावर इपॉक्सी चढवण्याआधी ते दोन्ही एकमेकांना चालतात का, हे माहितीपत्रकात बघावंच लागतं, कारण उरलेलं आम्ल अमाइनशी अभिक्रिया करून हार्डनरचं काम बिघडवतं. मग तळाचा थर कच्चा राहतो आणि वरचा धडधाकट दिसतो.

चिकट रंग दिसला की थेट खरवडायला घेऊ नये. थिनरने ओला केलेला फडका घासून बघावा. रंग फडक्यावर उतरला तर तो अजून कच्चा आहे. कारण थंडी असेल, तर होडी आडोशाला घेऊन पत्रा उबदार ठेवला की अडलेली अभिक्रिया सहसा पुढे सरकते. जाड थरात थिनर कोंडला असेल, तर ऊब, खेळती हवा आणि वेळ द्यावा लागतो. मिश्रणाचं प्रमाणच चुकलं असेल, तर मात्र महिनाभर थांबूनही उपयोग नाही. त्या रंगातल्या रेणूंना जोडीदारच उरलेला नसतो. तो पत्र्यापर्यंत खरवडूनच काढावा लागतो.