बंब पोहोचला, पण पाणी मारायचं का?

पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभच्या आसपास थोडा वेळ थांबलं, तर एक विशिष्ट लेबल लावलेले टँकर हमखास दिसतात. वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा काळा, दोन नळ्यांतून ओघळणारे थेंब, त्याखाली एक हात आणि एक धातूचा तुकडा, तळाशी 8 हा आकडा. म्हणजे आतला माल कातडीही खातो आणि लोखंडही. शेजारच्या पाटीवर 1830 असेल तर सल्फ्युरिक ॲसिड, 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक, 2031 म्हणजे नायट्रिक, 1824 म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण. टँकर उलटल्यावर पहिल्या काही मिनिटांत या चार आकड्यांइतकी कामाची माहिती दुसरी कुठली नसते. ती टँकरच्या पाठीवर यायला मात्र बरीच वर्षं आणि बरेच बळी लागले.

अग्निशमन दलाची सगळी घडण पाण्याभोवती झालेली आहे. वर्दी आली, बंब निघाला, नळी जोडली, फवारा सुरू. वाडा पेटला, गोदाम पेटलं, लाकडाची वखार पेटली, तर हे बरोबरच. ॲसिडच्या बाबतीत हीच सवय घात करते. सल्फ्युरिक ॲसिड स्वतः पेटत नाही. पण तीव्र ॲसिडवर थोडं पाणी पडलं की इतकी उष्णता निघते की मिश्रण उकळून अंगावर उडतं. शिवाय 98 टक्क्यांचं ॲसिड साध्या लोखंडी टाकीत नीट राहतं, कारण आतल्या बाजूला आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तो पत्र्याला सांभाळतो. त्याच ॲसिडमध्ये पाणी मिसळलं की ते लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. गळक्या व्हॉल्व्हवर बेताबेताने पाणी मारणाऱ्याने भोक मोठं करून ठेवलेलं असतं, वर पेट घेणारा वायूही तयार केलेला असतो.

नायट्रिकची तऱ्हा वेगळी. सांडलेलं टिपायला कारखान्यात हाताशी असतो तो लाकडाचा भुसा, आणि तीव्र नायट्रिक ॲसिडवर भुसा टाकणं म्हणजे आग लावणंच. त्यातून निघणारा तपकिरी धूर सुरुवातीला फारसा त्रास देत नाही. खोकला येतो, थांबतो, माणूस घरी जातो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणून अशा धुरात सापडलेल्या कामगाराला ठणठणीत दिसला तरी देखरेखीखाली ठेवतात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लागला की पुन्हा हायड्रोजन. हायड्रोक्लोरिकचा ड्रम आणि ब्लीचचं द्रावण एकत्र सांडलं तर थेट क्लोरिन. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे आत काय आहे हे कळेपर्यंत हात बांधलेले राहतात.

या अडचणीवर 1970च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलाने एक सुटसुटीत तोड काढली, ती हॅझकेम कोड म्हणून ओळखली जाते. एक आकडा आणि एक अक्षर. आकडा सांगतो काय मारायचं: 1 म्हणजे जाड फवारा, 2 म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, 3 म्हणजे फोम, 4 म्हणजे कोरडी भुकटी. अक्षर सांगतं अंगात काय घालायचं आणि सांडलेलं भरपूर पाण्याने वाहून लावायचं की जागीच अडवायचं. सल्फ्युरिकचा कोड 2पी, हायड्रोक्लोरिकचा 2आर. दोन्हींना अंगभर रासायनिक सूट आणि बीए सेट, म्हणजे श्वासासाठी पाठीवरची हवेची टाकी आणि मुखवटा, लागतो, दोन्ही पातळ करून वाहू द्यायला मुभा आहे. पण पी म्हणजे भडका किंवा स्फोटक प्रतिक्रिया होऊ शकते, जपून. रसायनशास्त्र न शिकलेल्या फायरमनला हे दोन सेकंदांत कळतं, हीच त्याची खुबी. मला खटकतं ते 'वाहू द्या' हे कलम. लंडनची गटारं गृहीत धरून केलेली ही सोय आहे. आपल्याकडे भोसरीच्या गटारात गेलेलं ओढ्यात आणि तिथून नदीत जातं.

हा प्रश्न नुसता पुण्याचा नाही, हे 1 नोव्हेंबर 1986 रोजी युरोपात दिसलं. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ कंपनीचं रसायनांचं गोदाम पेटलं. आग विझली, पण विझवायला वापरलेलं पाणी कीटकनाशकं आणि रंग घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं, नदी लाल झाली आणि मासे मेले. आगीचं पाणी अडवायला कारखान्यातच हौद हवा, ही गोष्ट तिथे गांभीर्याने घेतली गेली ती त्यानंतर.

आपल्याकडे कायद्याला जाग आणली ती भोपाळने, हे सगळ्यांना माहीत आहे. पण या विषयाशी जास्त जवळची घटना भोपाळनंतर वर्षभराने, 4 डिसेंबर 1985 रोजी दिल्लीत घडली. श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या आवारात ओलियमची टाकी ज्या सांगाड्यावर होती तो सांगाडाच कोसळला आणि टाकी फुटली. ओलियम म्हणजे धुरकटणारं सल्फ्युरिक ॲसिड, हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचा ॲसिडी ढग होतो. तो ढग वस्तीवर पसरला, तीस हजारी न्यायालयात वकिली करणाऱ्या एकाचा मृत्यू झाला. वकील एम. सी. मेहता यांची याचिका आधीच सर्वोच्च न्यायालयात होती. 20 डिसेंबर 1986 रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने सांगितलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला अपघाताची जबाबदारी टाळता येणार नाही, 'आम्ही सगळी काळजी घेतली होती' हा बचाव चालणार नाही. धोकादायक वस्तू आवारातून निसटली तर मालक जबाबदार, या इंग्रजी कायद्यात 1868 पासून चालत आलेल्या नियमातल्या पळवाटा भारतात बंद झाल्या.

भोपाळनंतर कायद्यांची रांगच लागली. 1986चा पर्यावरण संरक्षण कायदा. 1987मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण, ज्यात कारखान्याच्या आतला आपत्ती आराखडा बंधनकारक झाला आणि धोका दिसल्यावर इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 1989चे धोकादायक रसायनांचे नियम. 1991चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. 1996चे रासायनिक अपघात नियम. या शेवटच्या नियमांनी जिल्ह्याला आणि औद्योगिक वसाहतीला आपत्ती गट दिले. जिल्ह्याच्या गटावर जिल्हाधिकारी, स्थानिक गटावर प्रांत. टँकरवरची पाटी आली ती 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधून. मालाचं नाव, क्रमांक, लेबल, आपत्कालीन फोन हे सगळं गाडीवर, आणि चालकाच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं याचा कागद. चालकाला एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता यावी अशीही अट त्यात होती. ज्याने ही अट लिहिली तो यवतच्या किंवा पाटसच्या ढाब्यावर कधी चहाला थांबला नसावा.

पुण्याला या साऱ्याची गरज किती, हे इथल्या उद्योगाच्या वाढीवरून कळतं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीचा पट्टा भरत गेला. मोटारी आणि यंत्रांचं शहर म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून प्लेटिंग, म्हणजे दुसऱ्या धातूचा मुलामा, लागतं आणि प्लेटिंगआधी पिकलिंग, म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून साफ करणं. भोसरीच्या एखाद्या प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये गेलात तर भिंतीला लागून ॲसिडचे निळे ड्रम, मधोमध टाक्या, वर गंजून जाळी झालेला पत्रा आणि दाराशी एक नळ. अपघात झाला तर डोळे धुवायला तोच नळ. इथे पाणीच उपयोगी, हे सांगून ठेवलं पाहिजे. टाकीवर बेताचं पाणी घातक, पण माणसाच्या अंगावर उडालेल्या ॲसिडवर लगेच आणि धो धो, निदान पंधरा-वीस मिनिटं. स्टेनलेस स्टीलच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे जी पिकलिंग पेस्ट असते तिच्यात मात्र नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढतं. पाण्याने धुतल्यावर त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळावं लागतं, आणि ते पेस्टच्या डब्याशेजारीच ठेवलेलं असावं लागतं.

गोम अशी की 1989चे धोकादायक रसायनांचे नियम साठ्याच्या मर्यादेवर चालतात. क्लोरिनसाठी ही मर्यादा 10 टनांपासून सुरू होते. मोठा कारखाना त्यात पकडला जातो, त्याच्याकडे सुरक्षा अधिकारी असतो, भिंतीवर आराखडा असतो, वर्षाला मॉक ड्रिल होते. आठ-दहा ड्रमवाली शेड या जाळ्यातून सुटते. 7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात पेटलेला कारखाना पाणी शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या क्लोरिन डायऑक्साइडचं उत्पादन करत होता. 17 कामगार गेले, बहुतेक महिला. आत अडकलेल्यांपर्यंत पोहोचायला जेसीबीने भिंत फोडावी लागली. तिथे ॲसिडच्या कोडपेक्षा जास्त गरज होती ती बाहेर पडायच्या दुसऱ्या दाराची.

दुसरी निसटती जागा म्हणजे रस्ता. 13 जून 2023 रोजी द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या पुलावर टँकर पेटला आणि जळतं द्रव खालच्या रस्त्यावर सांडून तिथल्या माणसांनाही भाजून गेलं. तो माल ज्वालाग्राही होता. त्या जागी सल्फ्युरिक असतं तर आग नसती, पण खालच्या रस्त्यावर काय पडलं असतं ते उघड आहे. कारखान्याच्या आत निदान बंधारा असतो. रस्त्यावर ओढ्याकडचा उतार मातीने अडवायचा, वारा जिकडून येतो तिकडे लोक हलवायचे, दुसरा टँकर मागवून माल उतरवून घ्यायचा, उरलेल्यावर चुना किंवा सोडा ॲश टाकायचा, आणि यातलं पहिलं पाऊल बहुतेक वेळा महामार्ग पोलीस आणि गावकरी उचलतात.

2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं आणि त्याची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. रासायनिक आपत्तीची साधनं आणि प्रशिक्षण तिच्याकडे आहे, ही पुण्याची जमेची बाजू. सुदुंबरे ते कुरकुंभ अंतर मात्र शंभर किलोमीटरच्या घरात आहे, आणि मध्ये हडपसरची वाहतूक. तोवर एमआयडीसीचा बंब आणि शेजारच्या कंपनीचा सूट यांवरच निभावून न्यायचं असतं. म्हणून कुठल्या कंपनीत किती सूट आहेत, चुन्याची पोती कुठल्या गोदामात आहेत आणि रात्री दोन वाजता त्या गोदामाची किल्ली कोणाकडे असते, याची यादी स्थानिक आपत्ती गटाने दर तिमाहीला ताजी केली तरी पुष्कळ काम होईल.