कॉफीचा रंग दातावर चढतो कसा?

‘कॉफीने पिवळे पडलेले दात दोन मिनिटांत पांढरे करा, लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन चोळा.’ हा सल्ला सध्या मोबाइलवर जोरात फिरतोय आणि लोक तो मनोभावे पाळतात. मला त्याचा मनापासून राग येतो. कारण त्यात जे जातं ते पुन्हा येत नाही.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण आम्लापुढे तो हरतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच. या मोजपट्टीवर एक पायरी उतरली की आम्लता दसपट होते, हे शाळेत शिकलोय. म्हणजे तीन पायऱ्यांत हजारपट. आधी रसाने इनॅमल मऊ करायचं आणि मग मिठाच्या खड्यांनी ते खरवडायचं, असा हा उपाय आहे. दोन दिवस दात चकाकतात, कारण डागाबरोबर वरचा थरही निघालेला असतो. इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटीन मुळातच पिवळसर. कवच जितकं पातळ, तितका आतला पिवळेपणा जास्त दिसणार. आणि इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे झिजलेलं कवच शरीर नव्याने घडवत नाही.

मुळात कॉफीचा डाग सुरुवातीला दातावर बसतच नाही. तो बसतो लाळेच्या एका पापुद्र्यावर.

दात कितीही लख्ख घासा, काही मिनिटांत लाळेतली प्रथिनं त्यावर चिकटतात आणि डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. हा थर आपला मित्र आहे, तो दाताला आम्लापासून थोडंफार वाचवतो. त्यातली काही प्रथिनं प्रोलीन या अमिनो आम्लाने गच्च भरलेली असतात. प्रोलीनची गंमत अशी, की त्याची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडली जाते आणि पाच अणूंचं एक कडं बनतं. अशी कडी ओळीने आली की प्रथिनाची साखळी नेहमीसारखी गुंडाळून बसत नाही, लांब उघडी राहते. वनस्पतींतल्या पॉलिफिनॉल रेणूंमध्येही कडी असतात, पण सपाट. ती प्रोलीनच्या कड्यावर चपखल बसतात आणि शेजारच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जुळून पकड पक्की होते. रेणू मोठा असेल तर तो एकाच वेळी दोन-तीन प्रथिनांना धरतो, ती एकमेकांत गुंततात आणि साका बनून खाली बसतात. जांभूळ किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तो तुरटपणा म्हणजे हेच.

सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. आता इथल्या चादरी-टॉवेलांचं सूत कृत्रिम रंगांनी रंगतं. पण नैसर्गिक रंगकामात सुती धागा आधी हिरडा या तुरट फळाच्या काढ्यात आणि मग तुरटीत बुडवतात. त्या फळातलं टॅनिन, म्हणजे मोठ्या रेणूंचं पॉलिफिनॉल, धाग्याला धरतं, तुरटीतला धातू टॅनिनला, आणि रंग त्या धातूला. दातावर धाग्याच्या जागी लाळेचा थर असतो, एवढाच फरक. लोखंडाच्या कढईत आवळा काळा पडतो त्याच रसायनाने लोहाच्या पातळ औषधाने दात काळवंडतात. आणि हिरड्या सुजल्यावर डॉक्टर क्लोरहेक्झिडीनची चूळ भरायला देतात, तिचं तर काम अगदी तुरटीचं. त्या रेणूच्या दोन्ही टोकांवर धन भार असतो, एक टोक दाताच्या थराला धरतं, दुसरं चहा-कॉफीतल्या रंगाला. म्हणून ती चूळ चालू असेपर्यंत कॉफी जपूनच प्यावी.

कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल हे पॉलिफिनॉल असतं आणि बी भाजताना तयार झालेले तपकिरी मेलानॉइडिन असतात. चहातल्या मोठ्या टॅनिनइतकी क्लोरोजेनिक आम्लाची पकड घट्ट नसते. चहाचे डाग साधारणपणे जास्त पक्के बसतात ते यामुळे. शिवाय दुधातलं केसीन हेही प्रोलीनने भरलेलं प्रथिन. ते पॉलिफिनॉलला कपातच पकडून ठेवतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत किंवा उडुपी हॉटेलात मिळणारी दाट दुधाची फिल्टर कॉफी दातांच्या रंगाला बिनदुधाच्या काळ्या कॉफीपेक्षा बरी. साखरेचा प्रश्न वेगळा, तिने जंतूंचा थर वाढतो आणि तो थरही रंग पितो.

एकच मग घेऊन तासभर घोट घोट पिण्यापेक्षा कॉफी एका बैठकीत संपवा आणि लगेच साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र अर्ध्या तासाने, कारण कॉफीही सौम्य आम्लच आहे, पीएच पाचच्या आसपास. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची.

‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. दातांवर साचलेलं कीटण दगडासारखं कडक पण सच्छिद्र असतं, रंग शोषून घेतं आणि हिरडीला मागे रेटतं. दात आधीच सैल झालेले असतात, कीटण निघाल्यावर ते जाणवतं. मिशरी लावणाऱ्यांनी तर हे टाळूच नये, आणि मिशरीही सोडावी. त्या जळक्या तंबाखूपुढे कॉफीचा डाग काहीच नाही.

कोळशाच्या काळ्या पेस्टचं सध्या पेव फुटलंय. ती डाग ‘शोषून’ घेते म्हणतात, प्रत्यक्षात घासूनच काढते. रंग खरोखर तोडतं ते पेरॉक्साइड. रंगीत रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते, ती प्रकाश शोषते म्हणून रंग दिसतो. पेरॉक्साइड ती साखळी तोडतं आणि रंग फिका होतो. डॉक्टरांकडून दाताच्या मापाचा साचा करून रात्री १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड लावण्याची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली, आजही ती वापरात आहे. काही दिवस दात शिवशिवतात. कॅप आणि दाताच्या रंगाचं सिमेंट यांवर मात्र तिचा परिणाम होत नाही. पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल तर ब्लीचिंग आधी करा, रंग स्थिर व्हायला दोनेक आठवडे जाऊ द्या आणि मग कॅपची छटा निवडा.