घरच्या कॅमेऱ्याचे भिंग : साडेचारशे वर्षांची उसनवारी

घरी कॅमेरा बनवणाऱ्याचे काम पेटीपाशी अडत नाही. पुठ्ठा, प्लायवूड, काळा रंग आणि थोडा धीर एवढ्यावर प्रकाशबंद पेटी उभी राहते. हात थांबतो तो भिंगापाशी. काचेला हवी तेवढीच वक्रता देणे, दोन्ही पृष्ठे एकाच अक्षावर आणणे आणि मग तिला निर्दोष झिलई देणे हे काम सुतारकामाच्या किंवा पत्राकामाच्या हत्यारांनी होत नाही. म्हणूनच हौशी कॅमेऱ्यातले भिंग जवळजवळ प्रत्येक काळात दुसऱ्या कुठल्यातरी व्यवसायातून उसने आलेले दिसते, आणि त्या कॅमेऱ्याचा इतिहास सांगायचा तर या उसनवारीचाच माग काढावा लागतो.

पहिली उसनवारी चष्म्याची. व्हेनिसचे दानिएले बार्बारो यांनी १५६८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या यथार्थदर्शनावरील (पर्स्पेक्टिव्हवरील) ग्रंथात अंधाऱ्या खोलीचा एक प्रयोग दिला आहे. खिडकीच्या फळीला भोक पाडावे, त्यात म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याची, म्हणजे मध्ये फुगीर असलेली काच बसवावी, बाकीचा उजेड बंद करावा आणि कागद मागेपुढे सरकवत बाहेरचे दृश्य ठसठशीत उमटेल तिथे तो धरावा, असे ते सांगतात. काचेचा कडेचा भाग झाकून मधलाच थोडा उघडा ठेवला तर चित्र अधिक रेखीव होते, हेही त्यांनी नोंदवले आहे. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केले की चित्र का सुधारते, याचा अनुभव आजही घरच्या घरी नेमका याच रीतीने घेता येतो.

चष्म्याच्या साध्या भिंगाचा एक दोष असा की मधले चित्र स्पष्ट असले तरी कडा पुसट होतात. १८१२ मध्ये विल्यम हाइड वुलस्टन यांनी त्यावर सोपा उपाय सुचवला: भिंग चंद्रकोरीच्या आकाराचे घ्यायचे, त्याची आत वळलेली बाजू दृश्याकडे ठेवायची आणि पुढे थोड्या अंतरावर लहान छिद्राची चकती बसवायची. ही रचना इतकी स्वस्त आणि पुरेशी ठरली की १९०० मध्ये एक डॉलरला विकायला आलेल्या कोडॅकच्या ब्राउनी कॅमेऱ्यातही एकच चंद्रकोरी भिंग होते.

दुसरा दोष रंगांचा. साधे भिंग निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा थोडा अलीकडे एकवटते. सुरुवातीची रसायने फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला दाद देत असल्यामुळे डोळ्याला स्पष्ट दिसलेले चित्र रसायन लावलेल्या पट्टीवर धूसर उमटे. दोन वेगवेगळ्या काचा जोडून हा दोष घालवण्याची युक्ती दुर्बिणीच्या कारागिरांकडे आधीपासून होती. जॉन डॉलंड यांनी तिचे पेटंट १७५८ मध्ये घेतले होते. छायाचित्रणाचे फ्रेंच जनक लुई दागेर यांच्या १८३९ च्या कॅमेऱ्यासाठी पॅरिसच्या शार्ल शेव्हालिए यांनी जे भिंग पुरवले ते याच परंपरेतले होते.

त्याच काळात इंग्लंडमध्ये छायाचित्रणाचे दुसरे आद्य संशोधक हेन्री फॉक्स टॅलबट यांची धडपड चालू होती आणि घरी कॅमेरा करणाऱ्याला ती सर्वांत जवळची वाटावी अशी आहे. मोठ्या पेटीत चित्र फिके पडते हे पाहून त्यांनी लहान लाकडी पेट्या करवून घेतल्या आणि त्यांत कमी नाभीय अंतराची (म्हणजे दूरचे दृश्य भिंगापासून जवळच एकवटणारी) भिंगे बसवली. चित्र लहान झाले, पण उजळ झाले. घरभर मांडलेल्या त्या पेट्यांना त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणत. ऑगस्ट १८३५ मध्ये लेकॉक ॲबी या आपल्या घरातल्या जाळीदार खिडकीची जी निगेटिव्ह त्यांना मिळाली ती जेमतेम इंचभर होती, तरी भिंगातून पाहिले असता तीत खिडकीची सुमारे दोनशे तावदाने मोजता येत होती.

१८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्सव्हाल यांनी गणिताच्या आधारे एफ/३.६ चे (म्हणजे ज्याचे छिद्र नाभीय अंतराच्या ३.६ व्या भागाएवढे मोठे, असे) वेगवान, पुष्कळ उजेड घेणारे भिंग रचले आणि भिंग ही केवळ कारागिरीची वस्तू राहिली नाही. त्या आकडेमोडीला लष्कराच्या तोफखान्यातली माणसे दिली गेली होती. पुढे याच रचनेची भिंगे जादूच्या कंदिलात आणि सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये सर्रास आली, आणि मोडीत निघालेल्या प्रोजेक्टरमधून ती पुन्हा हौशी माणसांच्या हाती पडत राहिली. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटाचा कॅमेरा घडवण्याच्या खटपटीचा आरंभही जुन्या प्रोजेक्टरच्या अभ्यासातूनच झाला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये काम देणारा कॅमेरा उभा केला. देशी चित्रपटाच्या इतिहासातले हे काम जितक्या आदराने सांगावे तितके थोडेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाने उसनवारीचा सर्वांत मोठा साठा मोकळा केला. अमेरिकेत नॉर्मन एडमंड या छायाचित्रणाच्या हौशी माणसाला हवी ती भिंगे मिळेनात, तेव्हा त्यांनी १९४२ मध्ये कडा उडालेली, लष्कराने नाकारलेली भिंगे विकण्याचा व्यवसाय सुरू केला. हवाई छायाचित्रणासाठी कोडॅकने केलेले १७८ मिलिमीटरचे एफ/२.५ एरो-एक्टार भिंग तर आजही लोक लाकडी कॅमेऱ्यांना लावतात. त्याच्या काचेत थोरियम आहे. त्यामुळे ते किंचित किरणोत्सारी असते आणि वर्षांनुवर्षे पिवळे पडते. असे भिंग घासून पाहण्याचा मोह कोणीही करू नये.

स्वतः भिंग घडवणारेही झाले. चेक प्रजासत्ताकातल्या कियोव्ह गावचे मिरोस्लाव्ह तिखी (१९२६–२०११) प्लेक्सिग्लासचे (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे) तुकडे कापत, सँडपेपरने घासत आणि टूथपेस्ट व सिगारेटची राख घेऊन त्यांना झिलई देत. त्या भिंगांची धूसरता त्यांच्या छायाचित्रांची ओळख ठरली. काच घासणे मात्र याहून कठीण आहे. दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्याला एकच पृष्ठ साधावे लागते. भिंगाला किमान दोन, आणि जोडभिंगाला चार.

अलीकडे हा साठा बंद पडलेल्या फोटोकॉपी यंत्रांतून येतो. त्यांतली भिंगे मोठ्या कागदावर कडेपर्यंत स्पष्ट चित्र पाडतात, पण ती मूळ आकाराच्या नकलेसाठी रचलेली असतात आणि त्यांना शटर नसते. म्हणून टोपण काढून मोजून उजेड द्यावा लागतो. तेही हाती नसेल तर चष्मेवाल्याकडून प्लस चार नंबरची न कापलेली काच आणावी. हजाराला नंबराने भागले की नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे इथे २५० मिलिमीटर. तिची आत वळलेली बाजू दृश्याकडे करून पुढे १६ मिलिमीटरच्या छिद्राची काळी चकती लावली की जवळपास एफ/१६ चे भिंग तयार होते.