निकालावर पगार : सीमाभागातल्या शाळांच्या संदर्भात पार्श्वभूमी

मुलांच्या निकालाला शिक्षकाची कमाई जोडण्याची कल्पना बेळगाव भागाला परकी नाही. हा भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा, 1860 च्या दशकात, निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत इथे आली. तिचे मूळ इंग्लंडच्या 1862 च्या नियमावलीत होते. तपासणी अधिकारी यायचा, वाचन, लेखन आणि गणितात जितकी मुले उतरतील त्यावर अनुदान ठरायचे, नापासांमागे कपात व्हायची. मुले तपासणीपुरते पाठ करू लागली आणि इंग्लंडने 1890 च्या दशकात ती पद्धत टाकली. आपल्याकडे ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागे पडली. त्यानंतर पगार श्रेणी आणि सेवाज्येष्ठतेवर चालत आला. 1956 मध्ये राज्य बदलले, तरी या तत्त्वाला धक्का लागला नाही.

शिक्षकांचा पगार मुलांच्या कामगिरीवर ठरवावा का, या आजच्या चर्चेचा खरा आधार शेजारच्या आंध्रात आहे. 2005 मध्ये तिथल्या पाच जिल्ह्यांतल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत मोठा प्रयोग सुरू झाला. शंभर शाळांत बक्षीस एकेका शिक्षकाला, दुसऱ्या शंभरांत ते सगळ्या शाळेला मिळून. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी बाहेरच्या माणसांनी चाचणी घ्यायची, सरासरी गुण पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढले की त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला 500 रुपये. सरासरी बक्षीस वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरले, म्हणजे रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. तरीही दोन वर्षांत भाषा आणि गणितात मुले स्पष्ट पुढे गेली, बक्षिसात न धरलेल्या विषयांतही गेली. शिक्षकांची गैरहजेरी मात्र कमी झाली नाही. फरक पडला तो जादा तास, गृहपाठ आणि सराव यांमुळे. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा व्यक्तिगत बक्षिसाच्या शाळा सामूहिक बक्षिसाच्या शाळांपेक्षा बऱ्याच पुढे होत्या.

अमेरिकेतला अनुभव याच्या उलट आहे. नॅशव्हिलमध्ये 2006 पासून तीन वर्षे गणिताच्या शिक्षकांना 15,000 डॉलरपर्यंत बक्षीस ठेवले होते, पण एकूण निकालावर त्याचा परिणाम दिसला नाही. डेन्व्हरमध्ये 2006 पासून अशी वेतनरचना होती. बोनसमुळे पगाराचा अंदाजच लागत नाही, ही तक्रार 2019 च्या संपात मुख्य ठरली.

कर्नाटकात 2002 पासून काही वर्षे ईशान्येकडच्या जिल्ह्यांत अशीच एक योजना चालली. तिच्यात बक्षीस शिक्षकाला नव्हे, शाळेला मिळे आणि शाळा आपणहून भाग घेत. बेळगाव त्यात नव्हते.

आंध्रातले यश सगळे सांगतात, पण तिथे काय मोजले होते ते मागे राहते. मोजली होती ती वाढ, आणि मोजणारा बाहेरचा होता. आपल्याकडे 'कामगिरी' म्हटले की समोर येतो दहावीचा निकाल. बेळगाव आणि चिकोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे राज्याच्या क्रमवारीत कुठे आले, यावर वर्षभराची अब्रू ठरते, कमी निकालाच्या शाळांना नोटिसा जातात. ही मोजपट्टी किती डळमळीत आहे ते 2024 ने दाखवले. त्या वर्षी परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यातून थेट नजर ठेवली गेली. निकाल इतका कोसळू लागला की एकूण गुणांची किमान अट 35 टक्क्यांवरून 25 वर आणली गेली आणि कृपागुण 10 टक्क्यांवरून 20 केले गेले. एवढे करूनही राज्याचा निकाल 83.89 वरून 73.40 टक्क्यांवर आला. 2025 मध्ये ती सवलत नव्हती आणि निकाल आणखी घसरला. वर्गात शिकवणारे मास्तर आणि बाई मात्र बहुतेक ठिकाणी त्याच होत्या. त्या दोन वर्षांत पगार या आकड्याला बांधला असता, तर कॅमेऱ्यांची आणि कृपागुणांची किंमत शिक्षकांच्या खिशातून गेली असती. परीक्षा कडक घेतली हे बरोबरच झाले. पण असा आकडा कुणाच्या वेतनाचा आधार होऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मराठी शाळांचा पेच त्याहून वेगळा आहे. 2015 च्या कायद्याने कन्नड सक्तीची झाली आणि 2017-18 पासून ती पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आली. घरी कन्नड न ऐकणारे खानापूर तालुक्यातल्या वाडीवरचे मूल आणि रोज कन्नड ऐकणारे चिकोडीतले मूल एकाच पट्टीने मोजले, तर बक्षीस कुठे जाणार हे आधीच ठरते. वाढ मोजली तर हा अन्याय बराच कमी होतो, पण त्यासाठी जूनमधली चाचणी मुलाच्या माध्यमातून, म्हणजे मराठीत, आणि नीट मराठीत झाली पाहिजे. शिवाय जंगलपट्टीतल्या शाळेत एकच शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळत असेल, तर तिथे व्यक्तिगत आणि सामूहिक बक्षीस हा भेदच उरत नाही.

धोरणाच्या पातळीवर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गुणवत्तेवर आधारित बढती आणि वेतनरचनेचा उल्लेख आला. कर्नाटकाने 2021 मध्ये ते धोरण पुढे होऊन स्वीकारले, 2023 मध्ये सरकार बदलल्यावर बाजूला ठेवले. त्यामुळे आज या विषयावर बोलताना धरायला राज्याची चौकट नाही. रिक्त जागांवर काम करणारे अतिथी शिक्षक तर वेतनश्रेणीतच नाहीत, त्यांचे मानधन महिना दहा-बारा हजारांच्या घरात आहे. जून ते मार्च मूल किती पुढे गेले हे त्यांच्याही वर्गात मोजता येईल, पण पुढच्या जूनला तोच शिक्षक त्या वर्गावर असेल याची हमी नसते.